व्हिएन्नाहून आणलेला खण

बडनेऱ्याच्या स्टेशनावर मला पोचवायला आमच्या गावची सतरा माणसं आली होती. तिवशाकडून बैलगाडीनं, मग एसटीनं. बाबा अकोटच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. ते तिकडून परस्पर आले, अंगावरचा कापूस झटकत. गाडी सुटताना आई खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "कोनी जेवाले बलावलं त नाई म्हनू नोको. पोटभर जेवजो." मी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, लीड्सला निघालो होतो आणि तिला काळजी जेवणाची. मला हसू आलं, तिच्याकडे बघून हसलोही.

लीड्सला दोन वर्षं झाल्यावर ईस्टरच्या सुटीत मी व्हिएन्ना पाहायला गेलो. केवढं शहर! राजवाडा पाहता पाहता पाय भरून आले. कॉफीच्या एका पेल्यावर म्हातारे दुपारभर पेपर वाचत बसलेले. तिथलं मोठं चर्च तर मान मोडेस्तोवर उंच. मी दारात थबकलो. सवयच ती. पण लोक सरळ आत जात होते, मीही गेलो. पार पुढे जाऊन बसलो. तू कोण, कुठला, कुणाचा, हे कोणी विचारलं नाही.

ते विचारलं गेलं संध्याकाळी, आपल्याच माणसांत. एका मित्रानं तिथल्या मराठी कुटुंबाचा पत्ता दिला होता. काका कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, काकू पुण्याच्या. चैत्र चालू होता. त्यांनी दिवाणखान्यात गौर मांडली होती. कैरी मिळेना म्हणून लिंबू पिळून केलेली डाळ आणि तसंच पन्हं. दोन वर्षांनी मराठी जेवण! मी अगदी अधाशासारखा जेवलो.

"अमरावतीचे? बोलण्यावरून वाटत नाही हो," काकू म्हणाल्या. माझं 'मले-तुले' मी केव्हाच घासूनपुसून टाकलं होतं. मला बरं वाटलं, हे लिहिताना आता कान गरम होतात. आमचं आडनाव वऱ्हाडात गावाच्या दोन्ही टोकांना सापडतं, पुण्याच्या माणसाला त्यावरून काही कळत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं?"

आणि मी म्हणालो, "अमरावतीची अंबादेवी."

कोणी दरडावलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर त्या बाईनं ताटावरून उठवलं असतं असंही नाही. फार मायाळू बाई होती. पण त्या घरात मी त्यांच्यातलाच एक झालो होतो, आणि ते मला सोडवेना.

आमच्या घरात देव नव्हते. छप्पन्न साली बौद्ध झालो तेव्हा आईनं मरीआईचा शेंदरी दगड आणि खंडोबाचा टाक पदरात बांधून नेला आणि वर्धा नदीच्या डोहात सोडला. माहेराहून आणलेले देव ते. तीन दिवस ती जेवली नाही. चौथ्या दिवशी चूल पेटवली आणि म्हणाली, "सोडलं त सोडलं." तिनं उपाशी राहून जे सोडलं, त्याच्या बदल्यात मी वाटीभर डाळ खाऊन एक देवी पत्करली. गौरीपुढे डोकंसुद्धा टेकवलं.

खोटं तिथंच संपलं असतं तर मी आज गप्प बसलो असतो. निघताना काकूंनी कपाटातून एक हिरवा खण काढला, डोळ्यांना लावला आणि माझ्या हातात दिला. "घरी जाल तेव्हा आईंना सांगा, माझ्या नावानं देवीची ओटी भरायला. मला इथून कुठलं जमायला!"

दीड वर्षानं गावी आलो. खण मी ट्रंकेच्या तळाशी दडपला होता, तो आईलाच सापडला. "हे कायले आनलं?" मी सगळं सांगितलं. म्हणजे सांगावंच लागलं. मला वाटलं, आता आई बोलेल. तिनं हात फिरवून खणाची घडी नीट केली. मग म्हणाली, "तिनं तुले जेवू घातलं ना? मंग तिची वस्तू तिच्या देवीले पोचवा लागते. चाल."

अमरावतीच्या देवळात मी चपला सांभाळायचं निमित्त करून दाराशीच उभा राहिलो. आई नारळ घेऊन पुढे गेली. पुजाऱ्यानं रीतीप्रमाणे नाव-गोत्र विचारलं. आईचा आवाज शेताच्या पलीकडे ऐकू जाणारा, माझ्यापर्यंत लख्ख आला. "आमाले गोत्र नाई, महाराज. आमी बौद्ध आहो. हे एका पुन्याच्या बाईचं हाये, ते दूर देशात राह्यते. तिच्या नावानं वाहा." दोन-चार बायकांनी वळून पाहिलं. पुजाऱ्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खण देवीपुढे ठेवला. आईनं हात जोडले नाहीत. कुंकवाची पुडी तेवढी घेतली.

"हे त्या बाईले पाठव," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "अन् कोनं वाह्यलं ते लिव. आमी कोन आहो ते बी लिव."

मी पुडी पाकिटात घातली. सोबत चार ओळी लिहिल्या : देवीची ओटी भरली, आईनं आशीर्वाद सांगितले आहेत. संध्याकाळी आईनं विचारलं, "लिवलं?" मी म्हटलं, "लिवलं." तिला अक्षर येत नाही. पाकीट तिच्यासमोरच पडलं होतं, सकाळी टपालात टाकायचं.

पुढे मी लीड्सलाच राहिलो. नोकरी आहे, घर आहे, अंगणात गवत आहे. माझ्यासारखे इकडे आलेले भेटतात, घराच्या आठवणी काढतात. कुणाला भाकर आठवते, कुणाला वरूडची संत्री. मला घर म्हटलं की तीच संध्याकाळ दिसते. मी "लिवलं" म्हणालो आणि आई निर्धास्तपणे भाकरी थापायला वळली.

गावात आता पोरी शिकल्यात. हा कागद ज्याच्या हाती पडेल त्यानं तो माझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवावा. काही गाळू नये. व्हिएन्नाला मी लिहीनच. आधी तिला कळू दे की मी लिवलं नव्हतं.