ब्रूनोला आणायला मी, नाव ठेवायला निनाद

मंडळी, डोकं अजून तापलेलंय, म्हणून इथेच लिहून टाकतो.

सकाळी प्राचीचा फोन आला. "पाम गावात लॅब्रॅडॉरचं पिल्लू बघून ठेवलंय. बाईक घेऊन येशील काय?" मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून तिने पहिल्यांदाच आपणहून फोन केला होता. इस्त्रीचा शर्ट घातला आणि दातिवऱ्याहून तिला घेऊन निघालो.

पिल्लू बिस्किटाच्या रंगाचं, गुबगुबीत. प्राचीने त्याला उचललं आणि लगेच निनादला व्हिडिओ कॉल लावला. निनाद म्हणजे बोईसरच्या कंपनीत पर्मनंट झालेला.

"नाव सांग ना याचं."

"ब्रूनो," तो म्हणाला. पिल्लू फोनची काच चाटायला लागलं आणि ही हसतच सुटली. माझ्याशी बोलताना ती अशी कधी हसलेली नाही.

मी म्हटलं, "मग त्यालाच आणायचं होतं सोबत."

"तो ड्युटीवर हाय. तू मोकळाच असतोस ना."

तिथेच हेल्मेट आपटून निघणार होतो. पण आईपासून तोडलेलं पिल्लू रडायला लागलं. वाटेत मी शर्ट काढून त्याला गुंडाळलं, तेव्हा कुठे झोपलं. तिच्या घरी शर्ट काढून घ्यायला गेलो, तर पुन्हा रडारड.

तिची आई म्हणाली, "राहू दे रे. त्याला तुझ्या वासाची सवय झाली हाय."

मी बनियनवर घरी आलो. नाव निनादचं असेल, पण आज ब्रूनो माझ्या शर्टात झोपणार.

निनादला रविवारी सुट्टी असते, तेव्हा तो ब्रूनोला बघायला तिच्याकडे येणारच. मग शर्ट मागायला मी उद्याच जाऊ, की रविवारी त्याच्यासमोर?