गाऱ्हाण्यातले खोडलेले शब्द

कुडाळला आयुष्यभर मराठी शिकवून मी निवृत्त झालो आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत परतलो, तो एक वाईट खोड सोबत घेऊनच. कुणी बोलायला लागलं की त्याचं म्हणणं काय आहे याकडे माझं लक्षच नसे. त्यातला कुठला शब्द फारसी, कुठला अरबी, कुठला उर्दूच्या वाटेने आला, हेच मी हुंगत बसे. चहाच्या टपरीवर कुणी 'काय खबर, गुरुजी?' म्हणालं तर मी म्हणायचो, 'वार्ता म्हणावं.' नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. घरचे कंटाळले होते, पण वाडीतले लोक मान देऊन ऐकून घ्यायचे, आणि मला ते कौतुक वाटायचं.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे दर्यात नारळ सोडतात. त्याआधी गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्यानं सांगायचं, की बाबा, आम्ही आलो आहोत, चुकलंमाकलं पोटात घे, होड्या सांभाळ. सांगणारा मध्ये मध्ये थांबतो आणि मागे उभी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या वाडीत हा मान शेजारच्या काकांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. काका तसे घुमेच. दिवसभर जाळं शिवत बसतील, पण दहा शब्द बोलायचे नाहीत. त्या एका दिवशी मात्र त्यांचा आवाज लाटांच्या वर चढायचा.

दोन वर्षांपूर्वी मी ते गाऱ्हाणं त्यांच्याकडून उतरवून घेतलं आणि लाल पेन काढलं. अर्ज, कसूर, माफ, रयत, हजर, तुफान, दर्या. एकेक खोडून मी वर लिहिलं: विनंती, प्रमाद, क्षमा, प्रजा, उपस्थित, वादळ, सागर. मग मालवणात जाऊन मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि काकांच्या हातात दिलं.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "माका वाचूक येता, गुरुजी. पण ह्या माज्या तोंडात बसणा नाय. दर्याक दर्या नाय म्हणाचा तर काय म्हणाचा?"

"सागर म्हणा. दर्या फारसी आहे."

"पण देवाक तेच शब्द म्हायत आसत."

यावर मी जे बोललो ते लिहितानाही मान खाली जाते. मी म्हणालो, "काका, इतकी वर्षं तुम्ही देवापुढे परक्यांच्या भाषेत बोललात, आता तरी आपल्या भाषेत बोला." त्यांचा चेहरा उतरला. आपल्या हातून मोठं पाप घडत आलंय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात ठेवली. कुणाला सांगू नका, असंही मीच बजावलं. गाऱ्हाणं झाल्यावर लोक चकित होतील, मग हे काम कुणाचं ते मी हळूच सांगेन, असा माझा बेत होता.

महिनाभर ते पाठ करत होते. जाळ्याशी बसून पुटपुटायचे. जुना शब्द जिभेवर आला की थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी ओटीवरून बघायचो आणि चांगला विद्यार्थी मिळाल्यासारखा खूष व्हायचो.

पौर्णिमेला सगळी वाडी किनाऱ्यावर जमली. काकांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, आज तुजी प्रजा तुज्या पायाकडे..." आणि ते अडले. तो शब्द 'उपस्थित' होता. लोकांना वाटलं, थांबायची जागा आली, म्हणून अर्धेमुर्धे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. काकांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. 'हजर' म्हटलं असतं तर गाडं सुटलं असतं, पण तो शब्द मी त्यांच्यासाठी विटाळून ठेवला होता. त्यांनी वळून थेट माझ्याकडे पाहिलं. मला शब्द ठाऊक होता. मी वाळूकडे बघत राहिलो. शेवटी कुणीतरी घाईघाईने काहीबाही बोलून नारळ सोडला. काका हात जोडून तसेच उभे होते.

त्याच आठवड्यात एका होडीची जाळी खडकाला लागून फाटली. लगेच देवळात बैठक बसली. "गाऱ्हाणा अर्ध्यार मोडला, म्हणान ह्या झाला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याच्या आता ध्यानात ऱ्हवणा नाय." काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. कागदाचं त्यांनी चकार शब्दानं सांगितलं नाही, कारण सांगू नका म्हटलं होतं. आणि मी, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारा, मूग गिळून बसलो. मान दुसऱ्या घराकडे गेला.

घरी येऊन मी शब्दकोश काढला. माझं बरोबर होतं एवढं तरी सिद्ध व्हावं म्हणून. तर कागद फारसीतला, शाई फारसीतली, दुरुस्ती फारसीतली. रोज सकाळी वर्गात मी जी हजेरी घ्यायचो, ती अरबी. हजारो पोरांकडून मी 'हजर' वदवून घेतलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तोच शब्द देवापुढे बोलू दिला नाही. लाज वाटली, स्वतःची किळस आली. पण बैठकीत जाऊन सांगण्याइतकी हिंमत आली नाही. आजवर आलेली नाही.

गेल्या महिन्यात धीर करून काकांकडे गेलो. ते पडवीत बसले होते. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी माझं चुकलं. कागद माझा होता. मी सांगायला हवं होतं."

त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "तुमचा खंय काय चुकला? माजाच नशी..." आणि जीभ चावून गप्प झाले. माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, नशीब ह्यो शब्द आपलो काय भायलो?"

मला उत्तर ठाऊक होतं. अरबीतून फारसी, फारसीतून आपल्याकडे.

"आपलोच, काका," मी म्हणालो.

"बरा," ते म्हणाले, आणि मगच त्यांनी आपलं वाक्य पुरं केलं.