कॉलरबाईची वही

शर्टांच्या कारखान्यात वीस वर्षं ती फक्त कॉलरी शिवते, म्हणून सगळे तिला कॉलरबाईच म्हणतात. डोकं अर्धंच दुखतं, कायम उजवं. मग पोट ढवळतं, ट्यूबलाइट डोळ्यांत टोचते. सासू म्हणते, "डोकं आहे म्हणून दुखतंय. माझ्या लेकाची कधी तक्रार ऐकलीस?"

ती हसते. एका डोळ्याने.

गोळ्यांनी हात टेकले तेव्हा कारखान्यातल्या युनियनचा पुढारी म्हणून मीच तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. मानेमागची नस बधिर करणारं इंजेक्शन. कपाळावर चिकटवून नसेला हलके झटके देणारं यंत्र. आणि शेवटची, महागडी: कपाळापासून खांद्यापर्यंत औषधाच्या एकतीस बारीक सुया. दवाखान्याच्या समितीने मंजूर केली तर ही फुकट मिळणार, पण महिन्याचे निदान पंधरा दिवस डोकं दुखत असेल तरच. आधी पहिल्या दोन्ही वाटा तीन-तीन महिने करून बघायच्या आणि दुखरे दिवस वहीत मांडायचे.

"एक दिवस वाढवून लिहिलास तर माझ्याशी गाठ आहे," मी तिला बजावलं. "आपल्या माणसांना खोटारडं ठरवायला हे समितीवाले टपलेलेच असतात."

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. इंजेक्शनचे महिने: चार, पाच, चार. यंत्राचे: पाच, चार, चार.

"छान! दोन्हींचा गुण आला. सुया नकोत आता."

"कसला गुण, मॅडम? ही काल भिंत धरून जिना उतरली!" माझा आवाज चढला. बाहेरची रांग दारातून डोकावू लागली.

"वही त्यांनीच लिहिलीय ना?"

मी कॉलरबाईकडे वळलो. "कालचा दिवस कुठाय?"

"काल कामावर गेले होते की, दादा."

क्षणभर काही कळेना. मग कळलं. कारखान्यात दुखणं म्हणजे खाडा. मशीनवर बसलात की तुम्ही ठणठणीत. तिने फक्त खाडे लिहिले होते. एकही न वाढवता.

डॉक्टरीणबाईंना पटलं. "पण समितीला वहीच लागते हो. नवी घाला. तीन महिने."

साहेबांच्या केबिनी दणाणून सोडणारा मी, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वही आणायला धावलो.

बाहेरच्या बाकावर तिने नव्या वहीत तारीख घातली. पेन अडलं.

"आत्ता ठणकतंय, ते धरायचं?"

"धर."

"पण दुपारपाळीला जायचंय मला."

"तरी धर."

तिने फुली मारली, वही पिशवीत टाकली आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून कारखान्याच्या वाटेला लागली.