चाकांचा वैद्य

सदर इसम मध्यम बांध्याचा असून अंगावरील लोखंडी धुळीमुळे वर्णाबाबत खात्रीशीर नोंद घेता येत नाही. व्यवसाय: ग्राइंडरचालक. वर्तणूक समाधानकारक. स्वभाव हट्टी, तथापि सदर हट्ट यंत्रापुरता मर्यादित. दोन्ही हातांची सर्व बोटे जागेवर असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले.

या शेवटच्या बाबीमुळे वर्कशॉपमध्ये त्याला मान होता. सगळे त्याला वैद्य म्हणत. ग्राइंडरचं धार लावायचं दगडी चाक आतून तडकलेलं असलं तरी वरून शहाण्यासारखं गप्प असतं. वेगाने फिरायला लागलं की फुटतं, आणि फुटताना समोरच्याची ओळखपाळख विचारत नाही. म्हणून नवं चाक बसवण्याआधी वैद्य ते कुणाला तरी भोकात बोट घालून लटकतं धरायला सांगे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवी. खणखणीत वाजलं तर चाक धडधाकट. बद्द वाजलं तर हातोड्याने तुकडे, म्हणजे मागाहून कुणाला मोह नको. चाक सुरू करताना तो स्वतः बाजूला सरके, आणि समोर कुणी रेंगाळलं तर खेकसे, "समोर काय उभा राहिलास? फोटो काढायचाय का तुझा?"

हा सगळा कारभार कानावर चालला होता, आणि कान चालले होते. उभा जन्म ग्राइंडरशेजारी काढल्यावर ते शाबूत राहिले असते तरच नवल. कानात घालायचे बोळे वर्कशॉपमध्ये आले तोवर झाकून ठेवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. घरी त्याने सोपा तोडगा काढला होता: बायको जे बोलेल त्याला "हो" म्हणायचं. त्यामुळे सासुरवाडीत त्याची पत एकदम वाढली. मुलीने एकदा आईला विचारलं, "बाबांना ऐकू कमी येतं का गं?"

"आधी तरी कुठे ऐकत होते माझं!" म्हणून आईने विषय मिटवला.

वर्कशॉपमध्ये नुसत्या "हो"वर भागणार नव्हतं. ऐकू येत नाही म्हटलं की ग्राइंडर सुटणार, आणि ग्राइंडरवाचून आपण काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या अडचणीत त्याला ताई सापडली. ही शेजारच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करी. तिच्या हत्यारांना धार याच चाकावर लागायची, म्हणून नवं चाक धरायलाही तीच यायची. तिचा कान तिखट, आणि चेहऱ्यावर झाकपाक नाही. चाक बद्द वाजलं की तिच्या नकळत तिचं नाक मुरडलं जाई, लिंबू चावल्यासारखं. वैद्य चाक वाजवी, मान तिरकी करी, गंभीरपणे डोळे अर्धे मिटी आणि उरलेल्या अर्ध्यांतून तिचं नाक बघे. निदान एकदाही चुकलं नाही.

मग ताईची अक्कलदाढ वर आली.

नेमकं त्याच दिवशी नव्या चाकांचं खोकं आलं. ताईचा गाल फुगलेला, जबडा मिटलेला. वैद्याने पहिलं चाक वाजवलं. नाक मुरडलेलं. बाद. दुसरं वाजवलं. तेही बाद. ताईला नवल वाटलं; पण तोंड उघडायचं म्हणजे कळ, आणि वैद्याच्या निदानावर बोलायची तिथे रीत नव्हती. अख्खं खोकं बाद झालं. वैद्य हातोडा आणायला वळला, तेवढ्यात फोरमन धावत आला आणि त्याने चाकं पुरवणाऱ्याला बोलावून घेतलं.

पुरवणाऱ्याने वरची दोन-तीन चाकं वाजवली. "घंटा आहे हो, घंटा! दारावर टांगा!"

फोरमन वैद्याच्या अगदी समोर येऊन ओरडला, "काय वैद्यबुवा? माल चांगला आहे म्हणा आणि बसवा एक. सगळे खोळंबलेत!"

वैद्याने ताईकडे पाहिलं. आता कुणी काही वाजवत नव्हतं, तरी तिचं नाक मुरडलेलंच होतं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. "हो" हा शब्द तोंडात तयारच होता, रोज घरी वापरून गुळगुळीत झालेला. पण हा "हो" म्हटला की यातलं एक चाक चढणार, आणि त्याच्यापुढे हत्यार घेऊन पहिली उभी राहणार ती ताई.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच.

फोरमन खाली बघत पुटपुटला, "कधीपासून?"

वैद्याने ताईला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

तिने ओरडून सांगितलं.

"बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "मी हिचं तोंड बघून सांगत होतो."

"माझं?" ताई दाढ विसरली. "म्हणजे काका, मी इथे दुखून मरतेय आणि तुम्ही चाकं बाद करताय?"

मग वैद्याने चाकं धरली आणि ताईने वाजवली. एकामागून एक सगळी खणखणली. तळाशी एक निघालं, ते बद्द वाजलं. तिने पुन्हा वाजवलं; पुन्हा बद्द.

"गाडीत हादरे बसले असतील," पुरवणारा छताकडे बघत म्हणाला.

वैद्याने हातोडा ताईच्या हातात दिला. "फोड. दयामाया नको."

फोरमन माणूस वाईट नव्हता, पण फिरतं चाक बिघडताना आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्याला वैद्यानेच शिकवलं होतं. त्याने एकदा ग्राइंडरकडे पाहिलं, एकदा वैद्याच्या कानांकडे. वैद्याने न सांगताच यंत्र पुसलं, ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा चष्मा काढून ताईपुढे धरला आणि म्हणाला, "बाह्या वर कर. आणि हातमोजे घालायचे नाहीत, चाक ओढून घेतं."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: ग्राइंडरचालकाची श्रवणविषयक कारणास्तव पॅकिंग विभागात तत्काळ बदली करण्यात येत असून संबंधितांनी याची नोंद घ्यावी.

पॅकिंग विभाग म्हणजे एक टेबल. ते ग्राइंडरला लागूनच आहे.