भरतीची कार्यालयीन वेळ

गुरुवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी परिषदेचा मोजणीदार सिकेला आपल्या आत्याच्या पुलाकाच्या खड्ड्यात उतरून मोजपट्टी रोवत होता. पुलाका म्हणजे अळूचाच दांडगा भाऊबंद. बेटाचं पोट त्यावर चालतं. वहीत त्याने लिहिलं : ‘पाणी नाही.’

“पानं करपलीत, तेही लिही की,” काठावरून मेलाली आत्या म्हणाली.

“पानांचा रकाना नाही, आत्या.”

“आणि माझा?”

नवा हवामान कायदा मोठा दयाळू होता. खड्ड्यात समुद्राचं पाणी एकदा जरी उभं दिसलं, तरी सरकार सिमेंटचा उंच वाफा आणि गोडी माती देणार होतं. पाहणी मात्र कार्यालयीन वेळेत, आठ ते चार. पात्र खड्ड्यांची यादी या शुक्रवारी बंद होणार. अडचण एवढीच की या बेटावर उधाणाची भरती कायम पाच-सहाच्या सुमारास येते, पहाटे आणि संध्याकाळी. पाणी जमिनीतून बुडबुडत वर येतं, तासाभराने मुकाट्याने परत जातं. शिल्लक राहतं ते मीठ, आणि मिठाबद्दल कायदा गप्प आहे.

सिकेलाला हे मसुदा वाचला तेव्हाच कळलं होतं. पण सभाघरात वडीलधाऱ्यांआधी बोलायचं नसतं, आणि चोपन्न म्हणजे तिथे पोरवयच. सहा म्हाताऱ्यांनी राजधानीच्या पाहुण्यांचं कौतुक केलं. सातव्याने मध्ये एक डुलकी काढून केलं. मग जेवण आलं. पाहुण्यांसोबत जेवल्यावर हरकत घेणं बेटावर शिवी दिल्यासारखं. कायदा एकमताने पसंत पडला.

“डुक्कर तरी बरं शिजलं होतं का त्या दिवशी?” आत्याने विचारलं.

“कातडी कुरकुरीत होती.”

“मग माझा खड्डा वाया नाही गेला.”

काल संध्याकाळी चार एकेचाळीसला त्याने स्वतःहून पट्टी रोवली होती : एकतीस सेंटिमीटर. चिटणीस लोतोमाऊने आज सकाळीच त्या नोंदीवर रेघ मारली. “तूही वेळेबाहेर, पाणीही वेळेबाहेर. कोणाकोणाला समजावू?”

“उद्या दहाला मीच बादलीभर समुद्र आणून ओतते,” आत्या म्हणाली.

“तो गुन्हा आहे, आत्या. त्याला मात्र वेळेची अट नाही.”

आत्याने करपलेलं एक पान खुडून त्याच्या वहीत ठेवलं. सिकेलाने ते काढलं नाही. वही मिटली आणि पुढच्या खड्ड्याकडे निघाला.

उद्या शुक्रवार. भरती संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाला आहे. कार्यालय चारला बंद होतं.