इंग्रिडबाई आणि आमचं ‘राहिलं’

इंग्रिडबाई आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या आणि म्हणूनच आमच्या घरात पाणी शिरलं.

चूक मुळात आमच्या ह्यांची. (चूक कुठलीही असो, मुळात ह्यांचीच असते, पण ही खरोखरच होती.) चर्चच्या कमिटीत विषय निघाला, की नॉर्वेहून सेवेसाठी पाहुणे येणार आहेत, नागपूरपलीकडच्या आमच्या झाडीपट्टीतल्या गोरेगावला डोळ्यांचं शिबिर घेणार आहेत, तर त्यांची राहण्याची सोय कोण करेल? सगळी कमिटी आपापल्या चपलांकडे बघायला लागली. आमच्या ह्यांनी नेमका तेव्हाच डास मारायला हात वर केला!

“मंग हात खाली काऊन नाही घेतला?” मी विचारलं.

“सारे टाळ्या वाजवून राहिले होते ना वं! आता कसा घेऊ?”

झालं. कुडव्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन पाहुणे आले. एक लार्स. तरणाबांड, पांढराफटक आणि इतका उंच, की आमच्या प्रत्येक चौकटीशी त्याच्या कपाळाची ओळख झाली. त्याला मराठीतला एकच शब्द येत होता, ‘छान’. चौकट आपटली की तो कपाळ चोळत म्हणायचा, “छान!” दुसऱ्या इंग्रिडबाई. सत्तरीच्या, काटकुळ्या, निवृत्त नर्स. त्या मराठी शिकल्या होत्या ती कुठल्याशा जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून, आणि वर पुण्याच्या एका गुरुजींची ऑनलाइन शिकवणी. दारात उभं राहून त्यांनी हात जोडले.

“नमस्कार. आपले गृह अत्यंत नेटके आहे. आम्हांस हातपाय धुण्यास जल मिळेल काय?”

आतून सासूबाई ओरडल्या, “रेडिओ कोणं लावला वं शीला?”

सासूबाईंचं तसं चुकलं नव्हतं. त्यांना आवाज आला, माणूस दिसला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चहात मीठ घालायच्या. एकदा तर आमच्या उभ्या स्कूटरला “बस ना बाई, उभी काऊन?” म्हणाल्या आणि ती बसली नाही म्हणून रुसल्या. पण ऑपरेशनचं नाव काढलं की हातपाय गाळायच्या. शेजारच्या कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं, की डॉक्टर डोळा बाहेर काढतात, वाटीत धुतात आणि परत बसवतात. “अन् धुता धुता वाटीतून सांडला तं?” असं त्या मलाच विचारायच्या. तीन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. शेवटी पाहुण्यांच्या भिडेने त्या एका अटीवर तयार झाल्या.

“शिबिरात दाखवतो. डाक्टरीन म्हणन तं करतो आपरेशन. पण तिथून वापस पाठवलं, तं पुन्हा माह्यासमोर डोऱ्याचं नाव नाही काढाचं. कबूल?”

“कबूल!” मी म्हटलं. वापस कोण पाठवणार? आंधळ्यालाही दिसावा इतका मोठा मोतीबिंदू होता तो.

आता भाषेचं सांगते, कारण पुढची सगळी आग तिथूनच लागली. आमच्या झाडीपट्टीत ‘मी जेवून राहिलो’ म्हणजे मी जेवतो आहे. ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणजे पाऊस येतो आहे. शेंबडं पोरही जाणतं. पण इंग्रिडबाईंच्या पुस्तकात हा प्रकारच नव्हता! त्यांना एकच ‘राहिलं’ ठाऊक, करायचं राहिलं, द्यायचं राहिलं. म्हणजे जे झालंच नाही ते.

पहिल्याच सकाळी नळ आला. मी पोळ्या लाटता लाटता ओरडले, “बाई, नळ बंद करा, टाकी भरून राहिली!”

“टाकी भरायची राहिली?” बाहेरून प्रेमळ आवाज आला. “मग बंद कशास करावयाचा? भरू दे, भरू दे.” आणि बाईंनी नळ आणखी मोठा सोडला. थोड्या वेळाने माझे पाय ओले लागायला लागले. वळून बघते तर स्वयंपाकघरात पाणी, पाण्यात माझी लसणाची टोपली तरंगते आहे आणि त्या तळ्यात उभा राहून लार्स म्हणतो आहे, “छान!”

दुपारी हे जेवायला बसले. बाईंनी विचारलं, “आपण काय करीत आहात?”

“जेवून राहिलो ना जी.”

“अरेरे! आपण जेवायचे राहिलात!” आणि ताटात आणखी भाताचा डोंगर. ह्यांनी काही तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून बाई दिसल्या की हे आपण होऊन सांगायचे, “जेवून राहिलो!” माझा तांदळाचा डबा आठवड्यात तळाला गेला.

पण माझा कडेलोट केला दुधाने. मी दोरीवर कपडे टाकत होते, बाई शेगडीपाशी बसून बायबल वाचत होत्या. मला वास आला.

“बाई! दूध उतू जाऊन राहिलं!”

“उतू जायचे राहिले?” बाईंनी डोळे मिटले. “परमेश्वराची कृपा!”

त्या संध्याकाळी मी शेगडी घासली आणि इंग्रिडबाईंना समोर बसवलं. उद्या शिबिर. पहिल्या टेबलावर बसून प्रत्येकाची तक्रार विचारण्याचं काम बाईंकडे. तिथे हा घोळ झाला तर अख्ख्या गोरेगाव तालुक्याचे डोळे उलटेसुलटे होतील! मी एखाद्या मास्तरणीसारखी लाटणं हातात घेऊन शिकवलं. ‘करून राहिलो’ म्हणजे चालू आहे. चा-लू! राहिलं-बिहिलं काही नाही. बाई हुशार. तासाभरात पोपटासारख्या बोलायला लागल्या.

“मी समजून राहिले! आपण शिकवून राहिला! लार्स चौकटीस धडकून राहिला!”

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! पन्नाशी गाठली तरी आजवर माझं कुणी एक वाक्य ऐकलं नव्हतं, आणि इथे एक परदेशी बाई माझं व्याकरण पाठ करत होती. त्या आनंदात मी त्यांना जास्तीचा शिराही वाढला.

दुसऱ्या दिवशी गोरेगावला ही गर्दी! पद्धत सरळ होती. पहिल्या टेबलावर इंग्रिडबाई. तक्रार असेल तो आत नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे, तक्रार नसेल तो घरी. ज्याचं ऑपरेशन ठरेल तो बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत बसून त्याच दिवशी नागपूरला. रांगेत सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. पुढे एक म्हातारा आपल्या नातवाला खात्रीने सांगत होता, “डोरा काढतेत म्हंते.” मी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

आमचा नंबर लागला. बाईंनी हसून विचारलं, “आजी, आपणांस दिसते काय?”

माझ्या सासूने, जिला समोर बाई आहे की खांब हे कळत नव्हतं त्या माझ्या सासूने, मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “दिसून राहिलं!”

आणि इंग्रिडबाईंचा चेहरा उजळला! त्यांनी माझ्याकडे शिष्याने गुरूकडे बघावं तसं बघितलं.

“दिसून राहिले! म्हणजे दिसणे चालू आहे! उत्तम! आजी, आपण घरी जा.”

काल संध्याकाळपर्यंत हीच बाई म्हणाली असती, ‘दिसायचे राहिले? अरेरे!’ आणि सासूबाई सरळ आत गेल्या असत्या. मी माझ्या हाताने, लाटणं घेऊन, शिरा वाढून, तो रस्ता बंद केला होता!

“नाही नाही बाई! त्यांना दिसत नाही!”

“परंतु त्या म्हणाल्या, दिसून राहिले.”

“म्हणजे दिसायचं राहिलं!”

“काल आपण सांगितले, तसे नसते.”

“काल मी चुकले!”

“नाही,” बाई कडक आवाजात म्हणाल्या, “मी पक्के समजून राहिले आहे.”

तोवर मागची रांग व्याकरणात उतरली. एक जण म्हणाला, “बाई बरोबर सांगून राहिली.” दुसरा म्हणाला, “अरे पन बुढीले दिसत नाही ना!” तिसऱ्याने हिंदीत चौकशी केली, “क्या झगडा है? चश्मा बट रहा है क्या?” आणि चश्मा फुकट मिळतोय म्हटल्यावर रांग मोडून सगळेच टेबलावर चालून आले. हे पुढे येऊन मध्यस्थी करायला लागले. “बाई, माही आई होय, मी खरं सांगून राहिलो.” गर्दीत काय ऐकू आलं देव जाणे, बाईंना वाटलं हे जेवून राहिले. त्या म्हणाल्या, “भोजन एक वाजता.”

या गोंधळात सासूबाईंनी जिंकल्यासारखा पदर खोचला. “वापस पाठवलं ना? कबूल केलं होतं तुनं! आता डोऱ्याचं नाव नाही.” आणि निघाल्या. मी मागे धावले, पण मध्ये चश्मेवाली गर्दी. मला रडू कोसळलं. खरंच कोसळलं. मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई जन्मभर चहात मीठ घालणार आणि तो मी प्यायचा.

गर्दीतून मान काढून पाहिलं तर सासूबाई फाटकापाशी पोचल्या होत्या. तिथे लार्स पेट्या उचलत होता. सासूबाईंनी चाचपडत त्याचा दंड पकडला आणि म्हणाल्या, “चाल रे सुधाकर, घरी. थे बायको येत राहीन मांगून.”

(सुधाकर म्हणजे आमचे हे. रंग कोळशाचा, उंची पाच फूट दोन इंच.)

लार्स म्हणाला, “छान!” आणि त्याने त्यांना अलगद उचलून समोरच्या पांढऱ्या गाडीत बसवलं. सासूबाई ऐसपैस बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “काळीपिवळीच होय ना बाप्पा? कुडव्याले उतरवून देजो.”

डॉक्टरीणबाई चहा प्यायला बाहेर आल्या होत्या आणि ते सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. तेवढ्यात हे “आई! आई!” करत धावत आले. त्यांनी पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, लार्सकडे पाहिलं, मग माझ्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवून हसत सुटल्या.

“आजी,” त्या गाडीपाशी जाऊन म्हणाल्या, “उतरायची काही गरज नाही. मी सांगते, तुमचं ऑपरेशन करायचं.”

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग एवढंच म्हणाल्या, “वाटी मोठी घ्याजो.”

आम्हीही नागपूरला गेलो. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायची वेळ आली. खाटेभोवती सगळे. इंग्रिडबाई प्रार्थना करत होत्या, लार्स वाकून उभा होता. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला होता आणि माझे डोळे आधीच भरून आले होते. तीन वर्षांची माझी विनवणी, धावपळ, भांडणं! आता पहिलं तोंड दिसेल ते माझं. आशीर्वाद नाही तर नाही, निदान एक गोड शब्द तरी पदरात पडेल, असं मला वाटत होतं.

पट्टी निघाली. सासूबाईंनी डोळा किलकिला केला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. अगदी निरखून, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग घाबऱ्या आवाजात ह्यांना विचारलं,

“काऊन रे सुधाकर, हे बाई कोन होय? आपली शीला तं बारीक होती ना?”

इंग्रिडबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. “आजींना अगदी स्पष्ट दिसून राहिले आहे!”

याही खेपेला बाईंचं व्याकरण बरोबर होतं, आणि दुर्दैवाने सासूबाईंची नजरही.