बटणांवरची अक्षरं

मालवणच्या बागायतदार सोसायटीतले हेडक्लार्क हरिश्चंद्र यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. चहा आला की आधी वास घेत. कपाटाला कुलूप लावून वर दोरा बांधत आणि सकाळी गाठ आपलीच आहे ना, ते बघत. आतल्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण मुद्दाम उलटसुलट लावलेल्या. 'आंबा' लिहिलेल्या गठ्ठ्यात सुंभाची बिलं, 'सुंभ' लिहिलेल्यात सभासदांचे अर्ज. कुठे काय आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात. चोर फसावा म्हणून, असं ते सांगत.

महाराष्ट्र राज्य झालं, पत्रव्यवहार मराठीत करायचं ठरलं आणि सोसायटीने एक जुनं मराठी टाइपरायटर मशीन घेतलं. ते चालवायला सुगंधा आली. तरुणपणी नवरा गेलेला, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. नेमणूक तात्पुरती.

हरिश्चंद्रांना ती पहिल्या दिवसापासून खटकली. नजर खिडकीबाहेर माडांवर आणि बोटं मशीनवर. न बघता लिहिणारं माणूस काय लिहीत असेल, कोणी सांगावं? शिवाय वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. सरळ मनाचं माणूस असं उलटं करील का? तिचा प्रत्येक कागद ते दोनदोनदा वाचत. चूक सापडेना, त्यामुळे संशय आणखीच वाढला.

एका दुपारी चेअरमन भाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सोमवारपासून माझ्या मेवण्याचा चेडू येतला, लीला. बटणार अक्षरां लिवलेली हत, बघून बोट मारूचा, त्यात काय मोठासा? महिनाअखेरीक सुगंधाक रजा."

सुगंधाने मान खाली घालून नवा कागद चढवला.

शनिवारी सासूला ताप आला म्हणून ती लवकर घरी गेली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हरिश्चंद्र मशीनपुढे बसले. एका बोटाने, अक्षरं शोधत स्वतःचं नाव मारलं. कागदावर भलतंच उमटलं. 'ह' दाबला तर 'त', 'र' दाबला तर 'ल'. त्यांनी चष्मा पुसला आणि बटणं निरखली. बटणांच्या पत्र्याच्या कड्यांवर ताजे ओरखडे होते. कड्या उचकटून कोणीतरी आतले अक्षरांचे कागद अदलाबदल केले होते. हरिश्चंद्रांना मनापासून आनंद झाला. जन्मभर संशय घेतला, आज पहिल्यांदा तो खरा ठरला.

सोमवारी भाई यायच्या आधीच त्यांनी सुगंधाला गाठलं.

"ह्यो उद्योग तुझो?"

"होय भाऊ, माझोच." तिने नजर चुकवली नाही. "माझी बोटां बटणां बघनत नाय. बघून मारतला त्याका जमाचा नाय. माझ्या घराचा पोट आसा ह्या मशीनार."

"भाईंका सांगतंय मी."

"सांगा. पण तुमच्या गठ्ठ्यांर लिवलेला तरी खंय बरोबर आसा? ता चोरासाठी नाय, तुमका काढूक बघणाऱ्या त्या सेक्रेटरीसाठी. सगळ्या हापिसाक ठावूक आसा."

हरिश्चंद्र गार पडले. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. जुना सेक्रेटरी त्यांना काढायला निघाला होता, त्या वर्षी त्यांच्यावाचून एक कागद सापडेना, म्हणूनच त्यांची नोकरी राहिली होती.

भाईंच्या मेव्हण्याची मुलगी लीला आली, बसली, एकेक अक्षर बघून तिने बोटं मारली. कागद हातात घेतल्यावर भाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हरिश्चंद्र, ह्या काय? मशीन बिघडला?"

सुगंधाने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

हरिश्चंद्रांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जुना मशीन, भाई. सुगंधाच्या हाताक बसलेला आसा. दुसऱ्याचो हात लागलो की असाच करता."

दुसऱ्यासाठी खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि भाईंना ते पटलं. लीला दुपारी घरी गेली ती परत आली नाही. सुगंधा राहिली.

संध्याकाळी हरिश्चंद्रांनी तिला कपाटापाशी बोलावलं. "आंब्याच्या गठ्ठ्यात सुंभाची बिलां. सुंभाच्यात अर्ज. ध्यानात ठेव, मी काय जन्माक पुरूचंय नाय." राहिलेलंही सगळं सांगून टाकलं. त्यांना फार हलकं वाटलं. मग ते थांबले. आता ही कुठल्या बटणात कुठलं अक्षर ते सांगेल म्हणून.

सुगंधा हसली. मशीनवर कापड घातलं, पिशवी उचलली. "येतंय, भाऊ," म्हणाली आणि गेली.

राग यायला हवा होता, पण आला नाही. "टिकतली ही," हरिश्चंद्र स्वतःशी म्हणाले आणि दोऱ्याला गाठ मारली.